ब्रशचं बोलणं राहूनच गेलं

रंगकामाचे ब्रश बनवायचा छोटा कारखाना होता तिचा, म्हणून सगळे तिला ब्रशवाल्या वहिनी म्हणत. नवरा गेल्यावर तिने तो एकटीने सावरला. दारातून आत आलेला माणूस माल घेणार की नुसता चहा पिऊन जाणार, हे ती बघताक्षणी ओळखायची.

माल बघायला आलेल्या एका परदेशी पाहुण्यापुढे मात्र तिची मती गुंग झाली. तो ब्रशचे केस बोटाने वाकवून बघे, मान हलवी आणि पुढचा ब्रश उचले.

"नमुना पसंत आहे का?" तिने विचारलं.

सोबतच्या दुभाषी बाईंनी त्याला विचारून सांगितलं, "ते म्हणतात, तुमच्या खिडकीतून उजेड छान येतो."

"अहो, मी ब्रशचं विचारतेय!"

"मीही ब्रशचंच विचारलं, वहिनी."

तेवढ्यात वरच्या खोलीतून सासरे खाली उतरले. हल्ली त्यांना माणसं ओळखू येत नसत. पाहुण्याला बघताच ते खुलले. "अरे, होतास कुठे इतकी वर्षं?" म्हणत त्याला खेटून बसले आणि कुठल्याशा जुन्या शेजाऱ्याच्या कागाळ्या सांगू लागले. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामंजी, चला वर." ती उठली, तर पाहुण्याने हातानेच तिला थांबवलं आणि आपल्या भाषेत मामंजींशी बोलायला लागला. दुपार कलली तरी दोघांचं आपलं चालूच.

"काय बोलतायत हो?"

"हे शेजाऱ्याबद्दल, ते स्वतःच्या कुत्र्याबद्दल," दुभाषी बाई म्हणाल्या.

निघताना पाहुण्याने दुभाषी बाईंमार्फत विचारलं, "पुढच्या वेळी हे भेटतील ना?"

'हो' म्हणून टाकायचं, तर तिच्या तोंडून निघालं, "सांगता येत नाही. फार थकलेत."

तो मान हलवून निघून गेला. काम हातचं गेलं, असंच तिने धरलं. आणि आठवड्याभराने भली मोठी ऑर्डर आली!

चक्रावून तिने दुभाषी बाईंना फोन लावला. "मामंजींमुळे? की मी खरं बोलले म्हणून?"

"मलाही नीट उमगलं नाही. तुमच्याकडे बसावंसं वाटलं, एवढंच म्हणाले."

पुढे दुसऱ्याच देशाचं एक गिऱ्हाईक आलं. वहिनीने मुद्दाम मामंजींना आणून त्याच्या शेजारी बसवलं. त्याने दोनदा घड्याळ पाहिलं, आणि विमानाची वेळ झाली म्हणत उठला.

"कोण गं हा?" मामंजींनी विचारलं.

"मला तरी कुठे कळतंय!" वहिनी म्हणाली.