मोठ्या बाबांची उचकी आणि माझे घाईचे निदान

माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला, म्हणजे मोठ्या बाबांना, गेल्या हिवाळ्यात उचकी लागली आणि तीन दिवस थांबलीच नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता. सूक्ष्मजीवशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा देऊन मी नुकतीच अनसिंगला घरी आले होते. पित्त, दुसरे काही नाही, असे निदान मी बसल्या जागी करून टाकले.

घराचे निदान वेगळे होते. कोणीतरी आठवण काढते म्हणून उचकी लागते आणि त्या माणसाचे नाव अचूक घेतले की ती थांबते, यावर आमच्याकडे दुमत नाही. मोठे बाबा बाजेवर बसून नातेवाइकांची नावे घेऊ लागले. त्यांची बायको, आमची मोठी आई, गळालेली नावे सुचवू लागली.

"माह्या शेलूबाजारच्या भावाचं नाव घ्या."

"थो कायले माही आठवण काढीन?"

"त्याचा फवारणीचा पंप सालभरापासून आपल्या घरी हाय. थो रोजच काढत असन!"

हे सारे खोटे ठरवण्याच्या हेतूने मी रोज वही घेऊन शेजारी बसू लागले. ते नाव घेत, मी नोंद करी. उचकी आली की टिंब, नावे घेता घेता ते थांबले की तिरपी रेघ. तिसऱ्या दिवशी पाने पडताळली. नाव आणि उचकी यांचा काहीही संबंध नव्हता, हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हत्या त्या तिरप्या रेघा. पहिल्या दिवशी मोठे बाबा एका दमात सात-आठ नावे घेत होते. आता ते दर दोन नावांनंतर थांबत होते. आठवायला वेळ लागत असेल, असे मी गृहीत धरले होते. पण सख्ख्या भावांची नावे आठवायला कोणाला वेळ लागतो?

"मोठे बाबा, दम लागून राह्यला का?"

"नाई वो बाई. एकदम फस्कलास हावो मी."

साथीच्या काळात घेतलेले, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचे यंत्र कपाटात होते. बसल्या जागी त्र्याण्णव आले. फाटकापर्यंत चालवून आणले, तर शहाऐंशी. तासाभरात आम्ही वाशिमच्या एका दवाखान्यात होतो.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी 'उचकी' एवढेच ऐकले आणि पित्ताची गोळी लिहायला घेतली. मला त्यांच्यात मीच दिसले.

"एकदा यांना चालवून बघा," मी म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. परवा हेच निदान मीही केलं होतं."

ते हसले, पण त्यांनी चालवून पाहिले, आणि मग स्वतःच चाकाची खुर्ची ढकलत एक्स-रेकडे निघाले. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी पांढुरके ढग होते. नाकातल्या नमुन्याची फ्लूसाठीची झटपट चाचणी मात्र निगेटिव्ह आली. विषाणू नाकातून ओसरून खाली उतरला असेल, असे म्हणत त्यांनी छातीच्या खोलातून बेडका मिळवून तो मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: इन्फ्लुएन्झा. फुप्फुसाच्या तळाची सूज खालच्या श्वासपटलाला डिवचत होती, म्हणून खोकल्याऐवजी उचकी.

निदान झाले, तरी नाकाला नळी लावूनही ऑक्सिजन दोन दिवस वर सरकेना. मोठ्या आईने नावे सुचवणे केव्हाच सोडले होते. ती यंत्राकडे न पाहता फक्त मला विचारी, "चढला का?" नाही म्हणायची माझ्यावर पाचदा वेळ आली. सहाव्यांदा मी म्हणाले, "दोनानं." तिने पदराने चेहरा पुसला आणि लगेच मोठ्या बाबांवर ओरडली, "ते नळी काहून ओढून राह्यले तुमी?"

उचकी एव्हाना थांबली होती. आठव्या दिवशी, नळी काढून, डॉक्टरांनी त्यांना लांब व्हरांड्यात चालवले. मी यंत्रावर डोळे लावून शेजारून चालले. जाताना पंच्याण्णव, परततानाही पंच्याण्णव. जिन्यापाशी मोठे बाबा थांबले.

"खाली चाय भेटते काय?"

"पयले खोलीत चाला," मोठी आई म्हणाली.

"तुमी या मांगून," असे म्हणत ते दोन पायऱ्या उतरलेसुद्धा. मी डॉक्टरांकडे पाहिले. "जाऊ द्या," ते म्हणाले, "फक्त सावकाश." मोठे बाबा सावकाश उतरत नव्हते.