धाकटीचा खांदा

धाकट्या जावेचा खांदा माझ्यापेक्षा चांगला झाला, हे मला अजून पचलेलं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मोठ्या मनाची समजणार नाही.

दोघींचेही उजवे खांदे झिजले होते. मी नांदेडला राहते, ती लातूरला. माझा सांधा आधी बदलला, तिचा पाच महिन्यांनी. माझ्या डॉक्टरांनी खांदा समोरून उघडला, हात आत वळवणारा स्नायू हाडापासून सोडवला, नवा सांधा बसवला आणि स्नायू टाके घालून परत जोडला. मग सहा आठवडे हात गळ्यातल्या पट्ट्यात. वर उचलायचा नाही, बाहेर वळवायचा नाही. तिच्या लातूरच्या डॉक्टरांनी तो स्नायू कापलाच नाही, बाजूच्या फटीतून काम उरकलं.

"अक्का, पट्टा नुसता नावालाच हाय. मी हात हलवायलेय की!" ती फोनवर म्हणाली.

"लई चांगलं झालं," मी म्हणाले आणि दिवसभर घरातल्यांवर डाफरत राहिले.

दिवाळीला ती नांदेडला आली. माझा हात वर जातो, पण पोटाशी निऱ्या खोचायला त्यात जोर नाही. साडी नेसवायला सून लागते, म्हणून मी आपली मॅक्सीत. हिनं माझ्यादेखत आरशासमोर उभं राहून निऱ्या घातल्या, खोचल्या, वर पोटावरून हात फिरवला. माझ्या अंगाची आग आग झाली.

दिवाळी सरली तशी मी डॉक्टरांशी भांडायला गेले. लातूरसारखं मला का केलं नाही? ते शांतपणे म्हणाले, "फटीतून कमी दिसतं. तुमच्या सांध्यात हाड वाढलं होतं, खांदा आखडला होता. उघडल्याशिवाय सांधा नीट बसला नसता. टाके टिकले तर बहुतेकांना दोन्हींत पुढं फारसा फरक राहत नाही." मग त्यांनी मला पोटावर तळहात दाबायला लावला. कोपर मागं सटकलं.

"टाके सुटलेत. मध्ये कधी हात झटक्यानं वर गेला होता?"

"न्हाई," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात सासरे न कळवता रेणापूरहून मला बघायला आले होते. आम्ही दोघी जावा त्यांना मामा म्हणतो. त्यांच्यासमोर मी कधी उघड्या डोक्यानं बसले नाही. त्या दिवशी साडी नुसती गुंडाळलेली होती. दारात त्यांचा आवाज आला आणि उजवा हात पट्ट्यातून सुटून मागं गेला, पदर धरून डोक्यावर आला. चाळीस वर्षांची सवय, ती कुठं मला विचारते? खांद्यात काहीतरी चटकन तुटलं. डोळ्यांत पाणी आलं. मामा अर्धा चहा टाकून उठले. मी कुणालाच काही बोलले नाही. सासऱ्यापुढं पदर घेताना खांदा घालवला, हे सांगणार तरी कुणाला?

परवा धाकटीचा फोन आला, तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "मामा तुला बघायला आले, तेव्हा पदर कसा घेतलास गं?"

"घेतलाच न्हाई. दाराबाहेरूनच म्हणाले, पोरी, पदराला हात लावू नको."

"मला नाही म्हणाले तसं," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती म्हणाली, "मी विचारलं त्यांना, असं का म्हणून. तर म्हणाले, थोरलीचा खांदा माझ्यापायी गेला."

म्हणजे मामांना तेव्हाच कळलं होतं. मला रडू यायला हवं होतं. आला तो संतापच. एवढं बोलायचं होतं, तर तेही त्यांनी तिच्याजवळच बोलावं?