लूम चालू असतानाची मुलाखत

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, पण चुकून कोणी वाचलं तर सांभाळून घ्यावं.

आमची कंपनी म्हणजे नारपोलीतली एक खोली, कॅमेरा, मी आणि माझे मिस्टर. ते आधी लग्नाच्या शूटिंगला जायचे, आता आम्ही टीव्हीसाठी माहितीपट करतो. ते कॅमेरा बघतात, मी प्रश्न विचारते. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, पण एकट्या बाईसमोर खाली बसले की जमतं.

एका चॅनेलने घरी कांड्या भरणाऱ्या बायकांवर फिल्म मागितली. फिल्म पास झाल्यावरच पैसे मिळणार होते. म्हणून माईक आणि कॉम्प्युटरसाठी मी बचत गटाचं कर्ज काढलं. गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुझ्या तोंडाकडं बघून देतेय हां. बुडवलंस तर बायका मला सोडायच्या नाहीत."

आमच्याच गल्लीतली एक कांडीवाली घेतली. लूमसाठी, म्हणजे यंत्रमागासाठी, सुताच्या कांड्या भरता भरता ती नवऱ्याची दारू, सासूचे टोमणे, सगळं घडाघडा बोलली. आम्ही खूश. फिल्म पाठवून दिली.

चॅनेलच्या मॅडमचा फोन आला. "बाईंचं बोलणंच कळत नाही. मागे तो आवाज कसला?"

"आवाज? पंखा तर बंद केला होता," मिस्टर म्हणाले.

आवाज लूमचा होता. भिंतीपलीकडे लूम, आमच्या खोलीच्या खालीही लूम. आम्हाला तो ना शूटिंगला ऐकू आला, ना एडिटिंगला. मॅडम म्हणाल्या, स्वच्छ आवाज द्या, नाहीतर फिल्म घेता येणार नाही.

लूमच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा गेलो. गल्ली शांत. कांडीवाली पदर ओढून बसली. "सगलं बरं हाय. नवरा चांगला हाय."

"अगं, त्या दिवशी तर..."

तिने डोळ्यांनी पडद्याकडे खूण केली. मागे सासू तांदूळ निवडत होती. "आज लूम बंद हायत," ती कुजबुजली.

आतून सासू ओरडली, "बोल की गं! आज जीभ लुली पडली काय?"

बाहेर आल्यावर मी विचारलं, टीव्हीवर आल्यावर ऐकतीलच ना?

"तवा आख्खी गल्ली बघत असंल, हात उगारायची हिंमत न्हाय व्हायची. आज घरात मी न् ते मायलेक दोघंच."

मग तिला खारबावला माझ्या माहेरी नेलं. परसात चिंचेखाली बसवलं. गाडी आली की मिस्टर रेकॉर्डिंग थांबवायचे. ती बोलली, पण लूमच्या आवाजात बोलावं तशी ओरडून.

"वहिनी, जरा हळू," मिस्टर म्हणाले.

"हल्लू मला येतच न्हाय!"

शेवटी माईक लांब ठेवला. तिचा बुडालेला रोज दिला. पहिल्या शूटिंगच्या चित्रांवर हा आवाज लावून फिल्म पाठवली आणि ती पास झाली. लागली त्या दिवशी सासू गल्लीतल्या बायकांबरोबर बघायला बसली होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, "मी काय एवढी वाईट हाय काय?"

चॅनेलचे पैसे उशिराने आले. गटाच्या बैठकीत मी मुद्दल आणि व्याज एकदम सतरंजीवर ठेवलं. अध्यक्षबाईंनी नोटा मोजल्या, शेजारणीला पुन्हा मोजायला लावल्या आणि म्हणाल्या, "फिटलं तुझं सगळं."