बिबा टाचेचा, तोंड माझं

माझ्या तोंडाची साल एकदा निघालेली आहे. सगळ्या तोंडाची नाही. दोन्ही गाल, नाक आणि अर्धं कपाळ. तेवढ्या जागेपुरता माझा अनुभव पक्का आहे, म्हणून लिहितो.

लिहायचं कारण माझी नात, प्रज्ञा. वाशीमला शिकते. परवा आली आणि मोबाइलवर एक बाई दाखवली. त्या बाईच्या तोंडाला काहीतरी लावतात, जुनं कातडं निघून जातं आणि खालून नवं येतं. "आजोबा, मीबी करून घेऊ काय? मुरमाचे डाग जातीन."

हे खरं तर तिने आजीला विचारायचं होतं. गोष्ट तिच्या आजीची, म्हणजे आमच्या गोकर्णाची. घरात कुणाचंही लग्न निघो, बायका पोळ्या लाटायला बसल्या की गोकर्णा ही गोष्ट काढायची. बायका हसून हसून लाटणं खाली ठेवायच्या आणि मी ओसरीवर खाली मान घालून सुपारी कातरायचो. आता ती नाही. मी चौथी पास माणूस, मला तिच्यासारखं सांगता येत नाही. पण सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही.

तर मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या साली माझ्या लग्नाचं चाललं होतं. मी किन्हीराजा गावचा. दोन बैल, थोडं वावर, हातापायाने धड. फक्त लहानपणी देवी निघाल्या होत्या, त्यांचे खड्डे तोंडभर होते. दोन मुली पाहून झाल्या. पहिलीच्या बापाने निरोप दिला, "पोरगी अजून लहान हाय." (त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.) दुसरीच्या बापाने निरोपसुद्धा दिला नाही. आम्ही महिनाभर वाट पाहिली, मग समजलो.

तिसरी जऊळक्याची. मध्यस्थ म्हणाला, घर चांगलं आहे, जंगलातल्या मालावर पोट भरतात. आम्ही समजलो, तेंदूपत्ता. पुढच्या सोमवारी पाहायला जायचं ठरलं. माय चुलीपुढे बसून म्हणाली, "सुदामा, आता हे एक पाहू. हेबी नाही जमलं तं मी काही कोणाच्या दारी जात नाही. मले आता शरम येते." ती रागाने म्हणाली असती तर मी विसरलो असतो. ती भाकर थापता थापता साध्या आवाजात म्हणाली. ते मला लागलं.

आणि त्याच वेळी श्रावण मामा आला. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. आमच्या भागात टाच फुटली, काटा मोडून पाय पिकला, की लोक बिबा घालतात. बिबा म्हणजे जंगलातलं ते काळं फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की चरचर करून काळं तेल सुटतं, त्याचा चटका टाचेला द्यायचा. मामाचा हात या कामात बसलेला होता. पाच गावांच्या टाचा त्याने नीट केल्या होत्या.

मामाने माझं तोंड हनुवटीला धरून उजेडात फिरवलं. बैल विकत घेताना दात पाहावे, तसं.

"अक्का, हे जाते," तो म्हणाला.

"काय जाते?"

"हे खड्डे. बिब्यानं वरचं कातडं निघते. खालून नवं कोरं येते. टाचेचं पाह्यलं नाही काय तू? लहान लेकराच्या गालासारखी टाच होते."

माय म्हणाली, "श्रावण, थे तोंड हाय त्याचं. टाच नाही."

"कातडं कातडंच असते, अक्का. पायाचं जाड, तोंडाचं पातळ. म्हणजे काम अजून लवकर होईन."

आता हे ऐकून कोणीही शहाणा माणूस उठून गेला असता. मी चटई टाकून उताणा पडलो.

मामाने काम मन लावून केलं, त्याला दोष देत नाही. एकेका खड्ड्यात एकेक टिपका. नांगराच्या तासात सरकी टोबावी तसा तो गालावरून कपाळाकडे सरकत गेला. मधेच थांबून म्हणाला, "डाव्या गालावर पीक दाट हाय." मी हसलो तर रागावला, "हालू नको, ओघळ जाते." ओघळ गेलाच. नाकावरून खाली ओठापर्यंत, आणि तिथून सदऱ्याच्या गळ्यावर.

संध्याकाळपर्यंत खाज सुटली. मामा म्हणाला, "लागू पडलं."

दुसऱ्या दिवशी तोंड सुजलं, डावा डोळा मिटला. मामा म्हणाला, "आतलं मुळापासून निघून राह्यलं."

तिसऱ्या दिवशी फोड आले आणि फोडांतून पाणी. मायने मामाकडे पाहिलं. मामाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "याले ऊन पाह्यजे. ओलं हाय ना, सुकलं की झालं." तुरी निघाल्या होत्या, खळं मोकळं होतं. मला तिथे उन्हात बसवलं. पापड घालावा तसा मी दुपारभर वाळत पडलो. आमचा कुत्रा यायचा, पाय हुंगून शेपूट हलवायचा, मग वर तोंडाकडे पाहायचा आणि भुंकायचा. पुन्हा पाय हुंगायचा. त्याचा काही निकाल लागेना.

पाचव्या दिवशी खपल्या धरल्या. मामाने सांगितलं होतं की नवं कातडं खाली तयार आहे. मग वाट कायला पाहायची? मी नख घातलं आणि एका बाजूने सोलत गेलो. उकडलेल्या बटाट्याची निघते तशी निघाली. खाली लालभडक. मायचा छोटा आरसा होता, त्यात पाहिलं. त्या आरशात कोण आहे हे ओळखायला मला थोडा वेळ लागला, मग आरसा पालथा ठेवला. रडलो. बावीस वर्षांचा होतो, सांगायला आता लाज नाही.

माय म्हणाली, "निरोप धाडा, पुढच्या महिन्यात येतो म्हणा."

मामा म्हणाला, "असं म्हटलं की लोक समजतेत पोराले मिरगी येते. शब्द देला तं जायचं. तोंडाले दुपट्टा बांधू. दाढ दुखते म्हणू."

"अन् त्यायनं सोडा म्हटलं तं?"

"दुखणाऱ्या दाढेचा दुपट्टा कोणी सोडते काय?"

म्हणून सोमवारी बैलगाडीत आम्ही तिघं जऊळक्याला. कान, गाल, नाक, सगळं दुपट्ट्यात. डोळे तेवढे बाहेर, त्यातला एक अर्धा. मामाने अंगणात पाऊल ठेवलं आणि तो तिथेच उभा राहिला. मी मागून त्याच्या पाठीवर आदळलो.

अंगणभर बिबे होते. वाळत घातलेले, पोत्यांत भरलेले, ओसरीला लागून ढीग. दगड आणि हातोड्या मांडलेल्या. त्या घरातल्या बाया बिबे फोडून आतली गोडंबी काढायच्या आणि मालेगावच्या दुकानदाराला द्यायच्या. जंगलातला माल म्हणजे हा. सगळ्या तालुक्यात बिब्याची नस माहीत असलेलं एखादं घर असेल, तर मी तोंड बांधून त्याच्याच दारात उभा होतो.

मामा माझ्या कानात म्हणाला, "काही बोलू नको. दाढ."

बसलो. मुलगी चहा घेऊन आली. हीच गोकर्णा. सावळी, उंच, बोटं टोकापासून काळी पडलेली. मामाने नेहमीचे प्रश्न विचारले, नाव काय, स्वयंपाक येतो काय. तिने नाव सांगितलं. स्वयंपाकाचं उत्तर देताना मात्र ती माझ्या सदऱ्याच्या गळ्याकडे पाहत होती. त्या डागाला मायने दोनदा साबण लावला होता. बिब्याचा डाग तो. धोबी कपड्यावर खूण करतो ती याच तेलाने, आणि ती खूण कापडाबरोबरच जाते.

तिने चहाचं ताट खाली ठेवलं. "दुपट्टा सोडा."

तिचा बाप म्हणाला, "गोकर्णा, काय बोलतं तू? पाव्हण्याची दाढ दुखून राह्यली."

"बाबा, दाढ नाही. या माणसाच्या तोंडावर बिबा उतला हाय."

मामा हसल्यासारखं करत म्हणाला, "नाही वो बाई, दाढच—"

"त्यायले बोलू द्या," ती म्हणाली आणि मला विचारलं, "दाढ दुखते?"

मी म्हटलं, "नाही."

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी त्याचा बैल कसायाला विकला. मी दुपट्टा सोडला. तिच्या आईने तोंडावर पदर घेतला. गोकर्णाने नाही घेतला. ती दोन हात दूर बसली आणि चौकशीला लागली. मुलगी पाहायला मी गेलो होतो, पाहिलं मला गेलं.

"कोणं लावला?"

"मामानं."

"मामा, याच्या आंधी कोणाच्या तोंडाले लावला होता?"

मामा म्हणाला, "तोंडाले असा नाही. टाचेले लय लावला."

"आंधी दंडावर एक टिपका लावून पाह्यला होता? उतते का नाही थे पाहाले?"

"नाही."

"मंग काय लावलं, तेल, खोबरं?"

मी म्हटलं, "उनात बसलो."

"उनात." ती हातभर पुढे सरकली. "किती दिवस?"

"दोन."

"अन् ही खपली आपली आपण पडली?"

"नाही. मी सोलली."

"काहून?"

"घाई होती. सोमवारी इकडं याचं होतं."

ओसरीवरून तिची म्हातारी आत्या म्हणाली, "पोरगा मेहनती हाय."

गोकर्णा उठली, आत गेली. मला वाटलं, संपलं. तिसरीसुद्धा गेली. मायने चहाला हात लावला नव्हता, ती कपाकडेच पाहत होती. मग आतून पाट्यावर काहीतरी वाटायचा आवाज यायला लागला. खोबरं आणि तीळ. लोण्यासारखं वाटून ती वाटी घेऊन आली आणि मामासमोर ठेवली.

"लावा. तुमी लावलं, तुमीच निस्तरा."

मग मामा, पाच गावांच्या टाचांचा डॉक्टर, माझ्यापुढे मांडी घालून बसला आणि भरल्या घरात माझ्या तोंडाला खोबरं लावू लागला. ती उभी राहून सांगत होती, "घासू नका. हळू. डोयाजवळ नको." इतकं थंड मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

निघताना ती मायला म्हणाली, "महिनाभर उनात जाऊ देऊ नका, आत्याबाई. नख लावू देऊ नका. मंग आणा."

मायने विचारलं, "आणा म्हणजे?"

"म्हणजे आणा. अजून माह्यं पाहून व्हाचं हाय."

मी महिनाभर बैलांच्या कोठ्यात बसलो. वावरात मामाला जावं लागलं, ते एक बरं झालं. महिन्याने परत गेलो. खड्डे जसेच्या तसे होते, एकही बुजला नव्हता. वरून गालांवर काळे चट्टे आले होते, ते आले ते आलेच. पहिले नुसते खड्डे होते, आता खड्डे आणि काळी जमीन.

तिने उजेडात नीट पाहिलं. "हे आता असंच राहीन," म्हणाली. खोटा धीर दिला नाही. मग विचारलं, "कायले केलं होतं?"

"दोघींनी नाही म्हटलं होतं."

"अन् तिसरी आंधळी समजले काय?"

तिच्या बापाने तिला विचारलं, काय करायचं? ती हो म्हणाली. माय तिथेच रडायला लागली. बुद्धवंदना झाली, लग्न झालं. लग्नाला आलेली माणसं माझ्याकडे पाहून कुजबुजायची आणि गोकर्णा त्यांना आपणच बोलावून सगळी हकीकत सांगायची. तिथूनच ही गोष्ट सुरू झाली.

प्रज्ञाला मी एवढंच सांगितलं. तुझ्या तोंडाला जो हात लावील, त्याने आधी कोणाकोणाची तोंडं केली ते विचार, आणि त्यातलं एखादं तोंड डोळ्याने पाहून ये. आधी दंडावर थोडं लावून पाहा. कार्य आठ दिवसांवर असलं तर तिकडे फिरकूच नको. नंतर ऊन टाळ आणि नख लावू नको. आणि जाईल किती, राहील किती, हे तोंडावर सांगणारा माणूस शोध. ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाले तं सगळं माहीत हाय." मला काय माहीत? एका दुपारी एका मुलीने विचारलं, तेवढंच.

एक गोष्ट मात्र मी गोकर्णाला फार उशिरा विचारली. ती खाटेवर पडून होती, मी पाय दाबत होतो. म्हटलं, "तू तवा हो काहून म्हटलं? तोंड तं पहिल्यापेक्षा वाईट झालं होतं."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "तोंडाचं कोणं पाह्यलं? मामा म्हणे पड, की पडला. ऊन खा म्हणे, की बसला. म्हटलं, असा माणूस मोकळा सोडला तं पुढच्या वेळी काय लावून घेईन, याचा नेम नाही. घरात बांधलेला बरा."

ती गेली त्याला आता आठ महिने झाले. मी मोकळा आहे. गावाने जरा लक्ष ठेवावं.