बाळंतिणीच्या मागे जाणारी भेग

दार मी लावलं. वळले, तोवर ते आपोआप उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. बाहेर रणरणतं ऊन, वाऱ्याचा पत्ता नाही. बाजेवरची बाळंतीण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम. ते लागत न्हाई."

कळमनुरीजवळच्या गावातलं हे घर. मी हिंगोलीत स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, म्हणजे तडकलेली घरं तपासते. बाळंतिणीचं नाव संगीता. माहेरी आई नाही, म्हणून दुसरं बाळंतपण सासरीच झालं. पाळण्याच्या वर भिंतीत भेग पडली, म्हणून तिला शेजारच्या खोलीत हलवलं. काही आठवड्यांत तिथंही तशीच भेग, तीही पाळण्याच्याच वर. बाकी घर ठणठणीत.

"भेग हिच्या मागं मागं येऊन राहिली," तिच्या सासूबाई, कौसाबाई, म्हणाल्या. "दोनी लेकरं घेऊन औंढ्याला तिच्या मामाकडं जाऊ दे. घर तरी वाचंल."

परत कधी आणणार, ते कोणी बोलत नव्हतं. अंगणात जीप उभी होती. मला बोलावलं होतं ते फक्त भिंत पाडायची की ठेवायची, एवढं सांगायला. असल्या गोष्टींनी माझं डोकं फिरतं.

पण खरं सांगते, मलाही त्या खोलीत बसवेना. मधूनच भिंतीत कट्ट असा आवाज व्हायचा आणि लेकरू झोपेत दचकायचं. संगीता डोळे मिटून घ्यायची. भेगेत भरलेलं सिमेंट पुन्हा उललं होतं.

माझ्या आधी एक इंजिनियर येऊन गेले होते. त्यांनी बाहेरून खोदून फाउंडेशन पाहिलं. माती कोरडी, पाया बरा, काहीच सापडलं नाही. झालं, घरच्यांची खात्रीच पटली. पण गडीमाणसाला बाळंतिणीच्या खोलीत कोण जाऊ देतं?

मी अनवाणी फिरले. पाळण्याजवळच्या कोपऱ्यात फरशी पायाला उंच लागली, पोट फुगल्यासारखी. लेव्हल ट्यूब लावली. ही पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही टोकांना पाणी सारखं राहतं, त्यावरून उंचसखल कळतं. कोपरा खरंच वर उचलला होता. तिथला पाट सरकवला. खाली फरशी उचकटून केलेला खड्डा, ओलाचिंब.

"हे काय, मावशी?"

"न्हाणीचा खड्डा. बाळंतिणीचं पाणी कोणी ओलांडू न्हाई. लेकरू बारीक हाय, म्हून न्हाणं लांबलं."

"आधीच्या खोलीत?"

"तितंबी केला व्हता. काहून?"

काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. भर उन्हाळ्यात सगळी माती आकसलेली, आणि हा एकच कोपरा रोज घंगाळभर पाणी पितोय. तो फुगला, पाया उचलला, भिंत उलली, दाराची चौकट कलली. हे सगळं मी तिथंच सांगितलं.

कौसाबाईंनी खड्ड्यातल्या ओल्या मातीला हात लावून पाहिला. "मंजी म्या रोज मायेनं पाणी वतलं, त्यानंच?"

"त्यानंच." मी चिडले होते. गोड बोलणं जमलं नाही.

संगीताच्या सासऱ्यांनी जीप परत पाठवली. तेव्हा संगीतानं मला विचारलं, "मॅडम, पुन्हा भेग पडंल का?"

खोटं बोलता आलं असतं. "पडेल. बारीकशी. ही माती हलणारच."

ती सासूकडे वळली. "तवा कोणाचं नाव घेसाल, आत्याबाई?"



खड्डे बुजवले. न्हाणीचं पाणी पाइपानं परसात लांब सोडलं. माती वाळू दिली. मग पायाखाली थोडं थोडं खोदून काँक्रीट भरलं. सगळं एकदम खोदलं तर भिंतच अंगावर येते. घराभोवती बाहेर उतार दिलेला सिमेंटचा पट्टा केला. भेगा मात्र पावसाळा जाऊन माती स्थिरावल्यावरच भरल्या.

पुढच्या उन्हाळ्यात कौसाबाईंचा फोन आला. "मॅडम, सुनेच्या खोलीत बारीक भेग पडली. मोरीचा पाइप गळत व्हता, म्या बदलून घेतला."

मला फार बरं वाटलं.  मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पर पाणीच हाय ना, मॅडम? पक्कं?"

"पाणीच," मी म्हटलं.

काळ्या मातीवरचं घर एकदा दुरुस्त करून भागत नाही. दर उन्हाळ्यात पाइप तपासावे लागतात, आणि हेही पुन्हा सांगावं लागतं.