शुद्धिस्थानाचा वाद

मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी भर वर्गात वापरली आणि वाद जिंकलो. नकळत नाही. आदल्या दिवशी लायब्ररीत बसून ते वाक्य मी तीनदा घासूनपुसून लिहिलं होतं.

तेव्हा मेलबर्नमध्ये आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची रीघ लागली होती. तीन खोल्यांच्या घरात आम्ही सात जण राहायचो. त्यांत वसईचा एक कॅथलिक मुलगा होता. त्याचे वडील गावी वारले तेव्हा व्हिसाच्या भानगडीत तो जाऊ शकला नव्हता. दुपारी शिफ्टवरून आला की तो लॉन्ड्रीत शिरायचा, दार लोटून घ्यायचा आणि मशीन लावायचा. "एवढे कपडे आणतोस कुठून रे?" पोरं चिडवायची. एकदा मी दार ढकललं. मशीन रिकामंच फिरत होतं आणि तो रोझरीचे मणी ओढत पुटपुटत होता.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "पप्पांचं फादरशी भांडण झालं होतं. बारा वर्षं चर्चची पायरी चढले नाहीत. तसेच गेले. आता मी देवाकडे नाही मागितलं तर त्यांच्यासाठी कोण मागणार?"

मरणानंतर आत्मा शुद्ध होईपर्यंत जिथे थांबतो, ते शुद्धिस्थान. वडील तिथे अडकलेत, अशी त्याला भीती होती.

त्या सेमिस्टरला आम्ही दोघांनी सोपा समजून युरोपच्या इतिहासाचा एक विषय घेतला होता. ट्युटरने सोळाव्या शतकात होत तसा जाहीर वाद ठेवला. मेलेल्यांसाठी केलेल्या प्रार्थनेचा त्यांना उपयोग होतो का? त्या काळी या प्रश्नावरून अख्खी शहरं दुभंगली होती. आम्ही चिठ्ठ्या उचलल्या. तो कॅथलिकांकडून, मी प्रोटेस्टंटांकडून. मला माझी बाजू घरचीच वाटली. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा देव नदीत सोडले, श्राद्ध बंद केलं. आम्ही असलं काही करत नाही, हे मी लहानपणापासून अभिमानाने ऐकलेलं.

शुद्धिस्थान बायबलमध्ये दाखवा, मी म्हणालो. त्याने कॅथलिक बायबलमधल्या मक्काबींच्या ग्रंथातला उतारा वाचला, मेलेल्या सैनिकांसाठी केलेल्या प्रार्थनेचा. तो ग्रंथ आम्ही प्रोटेस्टंट मानतच नाही, मी म्हणालो. मग कागद बाजूला ठेवून तो म्हणाला, "माणूस मेला म्हणून घरातला राहत नाही का?" वर्गातल्या माना डोलल्या. वाद हातातून जातोय हे मला कळलं.

तेव्हा मी ते वाक्य काढलं. "समजा, एक माणूस बारा वर्षं चर्चला गेला नाही आणि मेला. त्याचा मुलगा रोज वॉशिंग मशीनशेजारी उभा राहून पुटपुटतो. देवाने काय करायचं, मशीन थांबायची वाट बघायची?"

वर्ग हसला. ट्युटरही. मग मित्राची पाळी आली. तो उभा राहिला, "नथिंग टू ॲड" म्हणाला आणि बसला.

त्यानंतर घरातलं मशीन फक्त कपड्यांसाठी लागायचं. महिन्याभरात तो घर सोडून गेला. आता मेलबर्नच्याच पॉइंट कुक उपनगरात माझं स्वतःचं घर आहे. दुपारी मशीन फिरत असलं की मी लॉन्ड्रीच्या दाराशी थबकतो. आत कुणीतरी आहे असं वाटतं. बायको विचारते, "काय झालं?" मी आत जाऊन कपड्यांची बादली उचलतो.

गेल्या वर्षी माझे वडील गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मी फोनवर पाहिला. आमचं पुण्य त्यांना लाभो, असं भन्तेजी म्हणाले आणि माझे हात आपोआप जोडले गेले. त्या जोडलेल्या हातांकडे बघून मला लॉन्ड्रीतले ते मणी आठवले.

तो मित्र आता कॅनबेराच्या गुंगालिन भागात असतो. मी गाडी काढून गेलो. त्याने चहा केला. मी विषय काढला.

"सोड ना, मेट. टॉपिकच तसा होता."

"नंतर प्रार्थना केलीस?"

"बसायचो. पण तुझंच वाक्य ऐकू यायचं. मग बंद केली." त्याने कप खाली ठेवला. "तुला खरंच वाटायचं का, की उपयोग नाही?"

"मला माहीत नव्हतं. आजही नाही. मला फक्त जिंकायचं होतं. तू विश्वासाने सांगितलंस आणि मी तुझ्या वडिलांवर लोकांना हसवलं. तुझी माफी मागतो. आणि त्यांचीही."