सरांची तीन सिलिंडरची गाडी

वालीवला माझं गॅरेज आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. इंजिनाचं काम मी आता घेत नाही. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, एवढंच. जुनी गिऱ्हाईकं विचारतात, "का हो, सोडलंत का?" मी म्हणतो, कंबर दुखते. कंबर माझी ठणठणीत आहे.

आगाशीच्या शाळेत सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. त्यांच्या पत्नी प्राथमिकला होत्या, चौथीत मी त्यांच्याच वर्गात होतो. गाव त्यांना बाई म्हणायचं. दहावीत मी गणितात नापास झालो तेव्हा वडील मला केळीच्या वाडीत कामाला लावायला निघाले होते. सर घरी आले, मला पुन्हा परीक्षेला बसवलं आणि पुढे आयटीआयचा फॉर्म स्वतः आणून भरून घेतला. गॅरेज उघडलं त्या दिवशी नारळही त्यांनीच फोडला. नंतर मी जूचंद्रला घर घेतलं, आगाशीला जाणं कमी झालं, पण दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेला सर आणि बाई येणारच. बाई येताना वाडीतली सोनचाफ्याची फुलं आणायच्या आणि पान्यांच्या पेटीवर एकेक ठेवायच्या.

निवृत्तीनंतर सरांना नवी गाडी घ्यायची होती. जुनीचा क्लच दाबताना त्यांचा गुडघा दुखायचा आणि एसी लावला की ती पुलावर धापा टाकायची.

"कुठली घेऊ? तू सांगशील ती," ते म्हणाले.

मी तेव्हा नुकताच एका छोट्या प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो. टर्बोवाली नवी छोटी इंजिनं तिथे उघडून दाखवली होती. एक लिटर, तीन सिलिंडर, दोन्ही हातांत उचलता येईल एवढं, आणि ताकद मात्र जुन्या दीड लिटरच्या इंजिनाइतकी. धुराच्या जोरावर फिरणारा तो मुठीएवढा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. मी भारावून गेलो होतो. सरांना त्यांच्याच ओटीवर बसून कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले.

"एवढ्याशा इंजिनाकडून एवढं काम करून घ्यायचं, तर ते टिकेल का रे?"

"सर, धातू सुधारलेत आता. ऑईल सुधारलंय. दीड-दोन लाख किलोमीटर बघायला नको."

तो धातू मी पाहिला होता एक दिवस. दोन लाख किलोमीटर पळालेलं तसलं एकही इंजिन मी उघडलेलं नव्हतं. तरी बोललो. सरांनी त्याच आठवड्यात ऑटोमॅटिक गिअरची गाडी नोंदवली.

पहिली तीन वर्षं त्यांनी मला दर महिन्याला फोन करून गाडीचं कौतुक सांगितलं. वॉरंटी असल्यामुळे सर्व्हिसिंग कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये व्हायचं, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वर्षातून एकदा. सरांचं फिरणं म्हणजे आगाशी ते विरार, विरार ते आगाशी. बाजार, बँक, लग्नं. इंजिन पुरतं तापायच्या आत ते थांबायचं. असं चाललं की न जळलेलं पेट्रोल थोडं थोडं ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ होतं. हे मला ठाऊक होतं. पण सरांना कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी कधी विचारलं नाही.

चौथ्या वर्षी खंडेनवमीला दोघं आले. पूजा झाली, पेढे झाले. निघताना सरांनी गाडी चालू केली आणि मला एक बारीक शिटी ऐकू आली. फार बारीक, दूरच्या डासासारखी. मी बोनेट उघडायला लावलं, डिपस्टिक ओढली. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली होतं आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. मी काठी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. तेच.

"काय रे?" सर म्हणाले. "दोनच महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालंय."

त्या इंजिनात टायमिंगचा बेल्ट आतच, ऑईलमध्ये भिजत फिरतो. ऑईलमध्ये पेट्रोल मिसळलं की त्याचं रबर फुगतं, सुटतं, त्याचा भुगा खाली ऑईल ओढणाऱ्या जाळीत बसतो आणि इंजिनाला ऑईल मिळेनासं होतं. तोवर मी अशी दोन इंजिनं पाहिली होती. गाडी इथेच ठेवा, मला खालचा ऑईलचा चेंबर उतरवून बघू दे, एवढं म्हणायचं होतं. पण अंगणात वीस माणसं होती, सगळ्यांच्या देखत मीच सुचवलेली गाडी होती, आणि बाई पुढच्या सीटवर बसून माझ्याकडे बघून हसत होत्या.

मी लिटरभर ऑईल ओतलं. म्हणालो, "काही नाही सर. या गाड्या थोडं पितातच."

त्यानंतर पाच महिन्यांनी बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली ती हळूहळू परतली, पण शाळेतली शुद्ध भाषा परतली नाही. चाळीस वर्षं मुलांना "पाणी म्हण, ण, ण" असं शिकवणाऱ्या बाई आता "पानी दे" म्हणायला लागल्या. लहानपणी घरात बोलायच्या ती बोली तेवढी राहिली होती.

वसईला एका केंद्रात व्यायामासाठी न्यायचं ठरलं, आठवड्यातून तीनदा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सरांना स्पष्ट सांगितलं होतं, "पहिलं वर्ष महत्त्वाचं. त्यात जेवढं परत येईल तेवढं येईल. खंड पाडू नका." रिक्षात त्यांना बसवता येत नव्हतं. एकदा प्रयत्न केला तर वळणावर त्या कलंडल्या आणि नंतर रिक्षा बघितली तरी रडायच्या. मोबाईलवरून बोलावलेली गाडी आगाशीपर्यंत यायलाच तयार नसायची. घरी येऊन व्यायाम घेणारी एक मुलगी मिळाली होती, ती महिन्याभरात दुसरीकडे लागली. तेव्हा उरली सरांची गाडी. पुढची सीट मागे कलती करून, कमरेला उशी लावून सर त्यांना निर्मळमार्गे हळूहळू न्यायचे आणि आणायचे.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. बाईंच्या उजव्या हातात खडू दिला होता. पाटीवर त्यांनी एक उभी रेघ ओढली. वाकडी होती, पण वरून खालपर्यंत न थांबता ओढली. सरांनी ती पाटी पुसू दिली नाही, तशीच घरी घेऊन आले.

त्याच्या पुढच्या महिन्यात सरांचा फोन आला. मी एका टेम्पोखाली होतो, शेजारी ग्राइंडर चालू होता.

"अरे, वळणावर लाल दिवा लुकलुकतो. ऑईलच्या किटलीचं चित्र आहे."

"सेन्सर असेल सर. सवडीने आणा," मी ओरडून सांगितलं आणि फोन ठेवला.

ऑईलचा लाल दिवा लागला की गाडी जागच्या जागी बंद करायची, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास निर्मळच्या अलीकडे गाडी बंद पडली. आधी किंचाळल्यासारखा आवाज आला, मग मागून निळा धूर, मग काहीच नाही. मी टोइंगची गाडी घेऊन पोचलो तेव्हा सर रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभे होते. बाईंच्या बाजूने ऊन येत होतं, म्हणून त्यांनी दार उघडून छत्रीची सावली धरली होती. तासभर तसेच उभे होते.

चेंबर मी सरांसमोर उतरवला. ऑईल ओढणारी जाळी काळ्या भुग्याने अशी भरली होती की उजेडाकडे धरली तरी पलीकडचं दिसत नव्हतं. टर्बोचा दांडा बोटाने हलत होता. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, क्रँकवर, नखाला लागतील असे चरे.

सर चष्मा सारून बघत राहिले. "हे कधीपासून साचत असेल?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

कंपनीच्या वर्कशॉपने सांगितलं, वॉरंटी संपली आहे, आतले सुटे भाग येत नाहीत, अख्खं इंजिन बदलावं लागेल आणि ते कधी येईल ते आत्ता सांगता येणार नाही. मी म्हणालो, मी करतो. मला ते करायचंच होतं. वालीवमध्येच क्रँक घासून मिळाला, पण घासून बारीक झालेल्या त्या मापाची बेअरिंगं या इंजिनाला बनतच नाहीत. अपघातात गेलेल्या एका गाडीचा क्रँक शोधला, तो आला सहा आठवड्यांनी. टर्बो दुरुस्त करून घेतला. बाकी सगळं काम बाजूला ठेवून मी त्या इंजिनावर बसायचो. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, माझी व्हॅन घेऊन बाईंना वसईला न्यायचो. तीनदा कधीच जमलं नाही. व्हॅनची सीट उंच होती, त्यांना दोघांनी मिळून उचलून बसवावं लागायचं आणि त्यांना त्याची लाज वाटायची. मग त्या "नको" म्हणायला लागल्या. सर त्यांना समजवायचे, मग सरही थकले.

तीन महिन्यांनी इंजिन सुरू झालं. आवाज चांगला होता. मी स्वतः आगाशीला गाडी नेऊन दिली आणि रस्त्यात दोनदा थांबून डिपस्टिक बघितली. पाच आठवडे चाललं. सहाव्या आठवड्यात सरांचा फोन आला, "आतून कोणी दार ठोकतंय असा आवाज येतो." मी तसाच निघालो. अंगणात बोनेट उघडून ऐकलं. बेअरिंग गेलं होतं. मी इंजिन पुन्हा उतरवतो म्हणालो.

"आता नको," सर म्हणाले.

आम्ही ओटीवर बसलो. तिथेच मी त्यांना सगळं सांगितलं. खंडेनवमीची शिटी, पेट्रोलचा वास, टेम्पोखालून दिलेलं उत्तर. मान वर करून सांगू शकलो नाही.

सर म्हणाले, "त्या दिवशी तू काठी पुसून पुन्हा घातलीस. मी पाहिलं होतं. शाळेत फळ्यावर गणित अडलं की तू तसंच करायचास. लिहिलेलं पुसायचास आणि तेच पुन्हा लिहायचास."

"मग विचारलंत का नाही, सर?"

"मलाही ऐकायचं नव्हतं," ते म्हणाले. "गाडी नवीच वाटत होती. ही खुशीत होती."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उठून मला चहा करून आणला. कपाला कान नव्हता. पूर्वी बाईंच्या घरात असा कप कधी पाहिला नव्हता.

गाडी भंगारवाल्यालाच गेली. चाकं, दारं, सीट सगळं शाबूत असलेली गाडी. ओढून नेताना दिसू नये म्हणून बाईंना आतल्या खोलीत बसवलं होतं. त्यानंतर सरांनी दुसरी गाडी घेतली नाही. मी एक साधी, टर्बो नसलेली जुनी गाडी शोधून आणतो म्हणालो, तर म्हणाले, आता डोळ्यांना गाडी झेपत नाही. खरं असेल. पुन्हा अमुक गाडी घ्या असं त्यांना सांगायला माझी जीभ वळलीच नाही.

झटक्याला वर्ष उलटल्यावर मी हट्टाने बाईंना एकदा वसईला नेलं, सर बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांची बोटं एकेक करून उघडून पाहिली. ती मिटून कडक झाली होती. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरीच हात मोकळा करत राहा, दुखू नये म्हणून. आणखी काही होईल असं मी सांगणार नाही." परतीच्या वाटेवर सरांनी मला काही विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं.

रविवारी मी आगाशीला जातो. सर बाजारात जाऊन येतात तेवढा वेळ बाईंजवळ बसतो आणि त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेऊन तेल लावतो. बोटं उघडतात, सोडली की परत मिटतात. मला त्या ओळखतात, पण नाव आठवत नाही. दाराशी पावलं वाजली की म्हणतात, "कोन आला?" मी समोर बसलो की चेहऱ्यावर ओळख येते आणि दर वेळी तोच एक प्रश्न विचारतात.

"गाडी झाली का रं?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा सर घरातच होते. ते आतून म्हणाले, "होईल. तो करतोय." आता मीही तेच म्हणतो. बाई मान हलवतात, डाव्या हाताने पदर नीट करतात आणि रस्त्याकडे बघत बसतात.